बिनआवाजाचा कॉम्प्युटर

आमच्या लिंबायतच्या गल्लीत लूम थांबले की तान्ही मुलं दचकून उठायची आणि रडायला लागायची. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. पण ज्या पोरांनी जन्मल्यापासून भिंतीपलीकडची खटाखट ऐकली, त्यांना तीच अंगाई. दुपारी लाईट गेली की सगळ्या खात्यांमधले, म्हणजे मागांच्या कारखान्यांमधले, लूम एकदम गप्प व्हायचे, क्षणभर गल्लीत कुत्र्याचं भुंकणंसुद्धा परकं वाटायचं, आणि मग एकेका घरातून रडणं सुरू व्हायचं. हातातला झाडू किंवा लाटणं टाकून बायका पाळण्याकडे धावायच्या, वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. लाईट यायची, कुठल्यातरी खात्यात पहिला लूम खडखडायचा, मागोमाग बाकीचे, आणि पोरं मुकाट झोपायची. मीही अशीच वाढले, माझा धाकटा भाऊ गजूही. आता माझी भाची तिच्या बाळाला झोपवायला मोबाइलवर पंख्याचा आवाज लावते आणि त्याचे महिन्याला पैसे भरते. मी तिला काही बोलत नाही. या बाबतीत बोलायचा आमच्या घराला अधिकार नाही.

आबा, म्हणजे आमचे वडील, लूमवर कारीगर होते. धुळ्याकडून तरुणपणी सुरतला आलेल्या अर्ध्या गावासारखेच. त्यांची बहुतेक रातपाळी असायची. सकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर आणि मिशीवर धाग्यांची पांढरी धूळ बसलेली असायची, लहानपणी मला वाटायचं की आबा रोज रात्री म्हातारे होतात आणि आंघोळ केली की परत तरुण होतात. माय त्यांना कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढायची, वर कच्चं तेल. जेवून ते भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. भिंतीच्या पलीकडेच दुसऱ्या शेठचं खातं, तिथे दिवसपाळी जोरात. त्या दणक्यात आबा घोरायचे. आम्ही बाजूला भांडायचो, माय कुकरच्या शिट्ट्या करायची, कशानेही त्यांची कूस बदलायची नाही. मात्र लूम थांबले की पाळण्यातल्या पोरांच्या आधी आबांचे डोळे उघडायचे.

लूमवरची माणसं हातांनी बोलतात. आत शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून त्यांनी खुणा बसवलेल्या असतात. तळहात आडवा फिरवला की बंद कर. दोन बोटं ओठांशी नेली की चहाला चल. आणि तर्जनी वर करून हवेत गोल फिरवली की चालू राहू दे, थांबवू नको. आबा घरीसुद्धा याच खुणा वापरायचे. माय चहा ओतत असली की हात आडवा, पुरे. मी अभ्यासाला बसलेली असताना कुणी हाक मारली आणि मी उठू लागले, की आबांचं बोट गोल फिरायचं. चालू राहू दे. आमच्या घरात अर्धा संसार तोंड न उघडता चालायचा, आणि उरलेला अर्धा ओरडून. मधलं काही आम्हाला येत नव्हतं.

मग आबांची छाती भरू लागली. आधी खोकला, मग जिन्याच्या चार पायऱ्यांत दम, मग एक दिवस खात्यातूनच दोघांनी धरून आणलं. डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, इतकी वर्षं ती धूळ आत गेली आहे, आता लूम बंद. स्वच्छ हवा, शांत जागा आणि भरपूर झोप. मायने हे शब्द देवाच्या नावासारखे धरून ठेवले. तिच्या भावाने, आमच्या मामाने, डिंडोलीच्या पुढे शेतांना लागून नव्यानेच उठलेल्या एका सोसायटीत घर घेऊन ठेवलं होतं, ते रिकामंच होतं. मी तोवर कपडा मार्केटमधल्या एका ऑफिसात हिशेबनिसाच्या हाताखाली लागले होते, माझ्या पगारावर घर रेटता येत होतं. आम्ही बिऱ्हाड हलवलं. टेम्पो निघाला तेव्हा आबा मागे सामानातच बसले होते आणि गल्ली संपेपर्यंत खात्यांच्या दारांकडे बघत होते.

त्या नव्या घरात काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. माय खूश होती. तिने त्या शांततेत आणखी भर घातली. कुकर बंद, डाळ पातेल्यात. भाकरी थापायला ती परात घेऊन मागच्या अंगणात जायची, कारण थापण्याचा आवाज आबांच्या खोलीत येतो म्हणे. चटणी वाटायला दोन घरं सोडून एका बाईकडे. दाराच्या बिजागरीत तेल. आम्ही सगळे खुणांनी बोलू लागलो. लूमच्या गोंगाटात बोलता यावं म्हणून जन्मलेली ती भाषा आम्ही आवाज होऊ नये म्हणून वापरत होतो. आणि या सगळ्याच्या मध्ये, खिडकीजवळच्या खाटेवर, आबा टक्क उघड्या डोळ्यांनी पडलेले असायचे.

झोप त्यांना येईचना. दुपारी नाही, रात्री नाही. डोळा लागला तरी घटकाभरात दचकून उठायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जास्त द्यायला ते धजत नव्हते, दम आणखी कोंडेल म्हणाले. झोप नाही म्हणून अन्न नको, अन्न नाही म्हणून अंगात ताकद नाही. मी एकदा विचारलं, "आबा, आठे कसं वाटस?" त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. म्हणाले, "आठे काहीच वाजत नही, बेटा. माले वाटस सगया मानसं गावले निंघी गयात." सुरतेत प्लेग आला तेव्हा असं झालं होतं. सगळे लूम थांबले होते, लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले होते, आणि आमच्या गल्लीत अशीच शांतता पसरली होती. त्यांनी इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मी ते मायला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, आजारपणात माणूस काहीही बोलतो, आणि तिने अंगणातल्या नळाला फडकं गुंडाळलं, टपटप होऊ नये म्हणून.

गजूच्या कॉम्प्युटरचं प्रकरण याच दिवसांत निघालं. तो बारावी होऊन एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मदतनीस होता, आणि त्याच्या डोक्यात एकच वेड होतं, स्वतः जोडलेला कॉम्प्युटर आणि त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. क्लासच्या सरांची नजर चुकवून तो हा खेळ खेळायचा आणि घरी येऊन जेवताना ताटाचं स्टिअरिंग करायचा. आबा आजारी पडल्यावर मात्र त्याने खेळाचं नाव टाकलं. एके सकाळी म्हणाला, मी आबांच्या जागी खात्यात जातो, शेठशी बोलून आलोय. आबा उठून बसले. दम लागत होता तरी बोलले, "गाड्यास्ना खेय खेयना तरी चाली, पन लूमवर नको." मग माझ्याकडे वळून त्यांनी बोट गोल फिरवलं. म्हणजे त्याचं जे चाललंय ते चालू राहू दे. गजूने क्लासच्या पगारातून कॉम्प्युटरसाठी साठवलेलं होतं, त्यात मी थोडी भर घालायचं ठरलं. मायला हे पसंत नव्हतं, पण आबांच्या शब्दापुढे ती गेली नाही. तिने एकच अट घातली. "काय लेवानं ते ल्या, पन त्यामातीन आवाज येवाले नको."

त्यामुळे आमच्या कॉम्प्युटरची खरेदी जगावेगळी झाली. लोक आधी प्रोसेसर ठरवतात, मग बाकीचं. आम्ही आधी काय नको ते ठरवलं. साउंड कार्ड नको, स्पीकर नकोत. गजूला हे फार लागलं. इंजिनाच्या आवाजाशिवाय गाडी म्हणजे ताई, मिठाशिवाय वरण, असं म्हणाला. पण त्याने हिशेब लगेच फिरवला. साउंड कार्डचे वाचतील त्यात जरा बरं डिस्प्ले कार्ड येईल, गाडी मुकी तर मुकी, धावेल तरी लोण्यासारखी. रिंग रोडवरच्या एका इमारतीत हितेशभाई नावाचे गृहस्थ सुटे भाग विकायचे. नवं त्यांच्याकडे काचेत असायचं आणि आमच्या ऐपतीचं खाली खोक्यांत. कतारगामच्या हिऱ्यांच्या ऑफिसांनी नवीन मशीन घेतली की जुनी त्यांच्याकडे यायची. आम्ही तीन-चार रविवार त्या खोक्यांपुढे उकिडवे बसलो. मदरबोर्ड आणि प्रोसेसर जुना, एका ऑफिसातून आलेला. रॅम मात्र नवीच घ्यायची, त्यात गजू ऐकेना. मॉनिटर रंगीत मिळाला, पण डाव्या कोपऱ्यात सगळं हिरवट दिसायचं. गजू म्हणाला, तिकडे झाडंच असतात.

कीबोर्ड निवडताना त्याने प्रत्येकाला कान लावून बटणं दाबली. हितेशभाई हसत होते. "बेन, लोको कॉम्प्युटर जोईने ले छे, तमे तो सांभळीने लो छो," म्हणाले. लोक बघून घेतात, तुम्ही ऐकून घेता. शेवटी राहिली वीज देणारी पेटी, तिच्यातच पंखा असतो. नव्या पेटीचा पंखा कमी आवाजाचा, पण ती आमच्या ऐपतीबाहेर. हितेशभाईंनी एक जुनी काढली, चालू करून दिली. मी कान लावला, गजूने लावला. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही मान हलवली. काही आवाज नाही. हितेशभाईंनी चमकून आमच्याकडे बघितलं. "आ तमने अवाज नथी लागतो?" त्यांनी विचारलं. नाही, गजू म्हणाला, एकदम शांत आहे. त्यांनी पेटी खोक्यात घातली आणि आमच्या कानांबद्दल मनात काय म्हणायचं ते म्हणाले असतील. तो पंखा खरं तर पत्र्यावर खडे ओतल्यासारखा वाजत होता. लूमच्या भिंतीला डोकं लावून वाढलेल्या आमच्या कानांना तो आवाज, आवाज म्हणून लागलाच नाही.

जोडणी एका दुपारी झाली. पुढच्या खोलीत आबांच्या खाटेच्या पायथ्याशी टेबल होतं, कारण विजेचा खटका फक्त तिथेच होता. माय मागे अंगणात भाकरी थापत होती. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, जागे. गजूने बनियनवर बसून, जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक भाग बसवला. विजेच्या दोन जोड्या लावताना काळ्या तारेशेजारी काळी तार आली पाहिजे, उलट झालं तर सगळं जळतं, असं तो स्वतःलाच बजावत होता. आत एक टिचभर स्पीकर असतो, सुरू होताना पीं करणारा, त्याची तार त्याने आधीच काढून ठेवली होती. मग त्याने कॅबिनेटचं मोठं बटण दाबलं. पंखा फिरला. शांत घरात तो आवाज असा उसळला की मी दोन्ही हात त्या पत्र्यावर ठेवले, जणू दाबून धरता येईल. वर हार्ड डिस्क कटकट करत होती, थांबून थांबून, पुन्हा सुरू. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. गजूला आनंद करावा की रडावं कळेना. माय पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातूनच तळहात आडवा फिरवला. बंद कर.

गजूचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. आबा घोरत होते. आम्हाला आधी खरं वाटेना. मी वाकून बघितलं. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी गेलेली, हात पोटावर सैल. त्या घरात आल्यापासून मी त्यांना असं बघितलं नव्हतं. माय आत आली, जवळ गेली. तिला वाटलं असावं की ही ग्लानी आहे. तिने पुन्हा गजूला खूण केली, जरा घाईने, आणि त्याने बटण दाबलं. पंखा फिरत फिरत थांबला. पुन्हा ती शेतांची शांतता आली. आबांनी डोळे उघडले आणि झोपेतल्याच आवाजात, खात्यातल्या माणसाला कारण विचारावं तसं विचारलं, "लूम काबर बंद पडना?"

माय उंबऱ्यावर बसली. पिठाचे हात मांडीवर तसेच उपडे. तिने कुणाकडे बघितलं नाही. म्हणाली, "मीच त्यास्ले जागं ठेवं. इतला दिन मीच त्यास्ले जागं ठेवं." मी म्हणाले, माय, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ते खरंच होतं, पण तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. परातीतली भाकरी अंगणात वाळत होती. तिने पिठाचे हात पदराला पुसले. मग गजूला म्हणाली, "चालू कर त्याले."

त्या दिवसापासून कॉम्प्युटर सकाळी सुरू व्हायचा आणि आबा झोपलेले असेपर्यंत बंद होत नसे. गजू समोर बसून आपली मुकी गाडी पळवायचा, हिरव्या कोपऱ्यातून निघून परत हिरव्या कोपऱ्यात, आणि मागे आबा झोपायचे. त्याला एक छंदच लागला होता, हार्ड डिस्क जास्त कटकटावी म्हणून मोठमोठ्या फायली इकडून तिकडे हलवायचा. माय कुकर परत काढून शिट्ट्या करू लागली. भाकरी घरात थापू लागली, गरजेपेक्षा जोरात. आबांनी एक दिवस मागून वरण-बट्टी खाल्ली आणि आम्हाला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. गजूशी ते थट्टा करू लागले. तुझी गाडी मुकी आणि बैलगाडीसारखी खडखडते, म्हणायचे. मामा बघायला आले तेव्हा म्हणाले, अरे एवढ्या आवाजात माणूस झोपेल कसा, आणि मायने त्यांना जी नजर दिली ती मी अजून विसरले नाही.

पण झोप ही झोप असते, ती फुफ्फुसं धुऊन काढत नाही. आम्ही उशीर केला की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पुढे मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, फरक पडला नसता, इतकी धूळ आत असल्यावर काही महिने इकडे किंवा तिकडे. मला त्यांचा राग आला. ते महिने आबा जागे होते, डोळे उघडे ठेवून, कुणी नसलेल्या गावात पडल्यासारखे, आणि आम्ही नळाला फडकी गुंडाळत होतो. मेले असते तरी झोपून उठून मेले असते. इतकंच माझं म्हणणं आहे, आणि ते ऐकायला आता कुणी उरलं नाही.

दिवाळीनंतर त्यांचं पाणी पिणंही कमी झालं. एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले होते. गजू खेळत होता, माय आबांच्या पायांना तेल लावत होती. आबा झोपले होते. पंखा वाजत होता. मायचे हात थांबले, तिने तळवा धरून ठेवला, आणि मग माझ्याकडे बघितलं. पडद्यावर गजूची गाडी कडेला जाऊन उभी राहिली. त्याने मागे वळून बघायला खूप वेळ लावला. आबांचा चेहरा त्या पहिल्या दुपारसारखाच होता, कपाळावर आठी नव्हती.

मग माणसं आली, लिंबायतची अख्खी गल्ली आली. खात्यातले लोक बाहेर उभे होते, मोठ्याने बोलायची सवय असलेले, त्या दिवशी हातांनीच बोलत होते. तिरडी, फुलं, रडणं, मामाची धावपळ, यात कोपऱ्यातल्या टेबलाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. आबांना नेलं तेव्हाही तो पंखा वाजत होता. घर धुतलं, खाट उभी केली, बायका आपापल्या घरी गेल्या, तेव्हाही. दिवे लागायच्या वेळी गजू स्मशानातून परत आला, ओल्या कपड्यांनी दारात उभा राहिला, आणि तेव्हा कुठे तो आवाज त्याच्या कानावर पडला. पडदा काळा झाला होता. माय खाटेच्या रिकाम्या जागी, फरशीवरच, भिंतीकडे तोंड करून पडली होती. गजू हळूच पुढे गेला आणि त्याने बटणाकडे हात नेला.

मायने डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर केला, आणि बोट गोल फिरवलं.